एक पाठ, अनेक संकेतस्थळे

महाराष्ट्राबाहेरील मराठी साहित्यसंस्थांचा व्यवहार आज दोन ठिकाणी चालतो : सभागृहात आणि संकेतस्थळावर. मध्यवर्ती संस्थेचे एक संकेतस्थळ असते, शाखांची आपापली असतात, आणि शाळांची व ग्रंथालयांची आणखी निराळी. स्पर्धेचे नियम, व्याख्यानमालेचा कार्यक्रम, दिवंगत लेखकांचे परिचय, ग्रंथांच्या याद्या हा मजकूर या सर्वांनाच थोड्याफार फरकाने लागतो. तो सर्वांनी वाटून कसा घ्यावा, आणि वाटून घेताना प्रत्येक गावाने तो आपलासा कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा विषय यंत्राचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पाठनिश्चितीचा आहे, आणि तो मराठी वाचकास मुळीच नवा नाही.

मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथ हातांनी उतरून घेतले जात. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे चाले. आणि प्रत्येक नकलेत काही गळे, काही भर पडे, काही बदले. ज्ञानेश्वरीच्या वाट्यासही हे आले, आणि म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांना तिची पाठशुद्धी हाती घ्यावी लागली. आता नकलेत पडलेला प्रत्येक फरक हा दोषच असतो असे नव्हे. काही फरक अनवधानाचे असतात, तर काही त्या त्या प्रदेशाच्या बोलीतून व रूढीतून समजून उमजून केलेले असतात. मूळ पाठ कोणता, अनवधानाचा फरक कोणता आणि हेतुपुरस्सर केलेला स्थानिक फरक कोणता, हे तिन्ही वेगवेगळे ओळखता येणे याचेच नाव पाठनिश्चिती. अनेक संकेतस्थळे चालविणाऱ्या संस्थेस साधावयाचे असते तेही नेमके एवढेच.

नकलेचा मार्ग आणि त्याचे फळ

समजा, एका मध्यवर्ती परिषदेने निबंधस्पर्धेची सूचना काढली, आणि बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद व मडगाव येथील शाखांनी ती आपापल्या संकेतस्थळांवर उतरवून घेतली. आठ दिवसांनी काही कारणाने निबंध पाठविण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ जुलैवर आणण्यात आली. मध्यवर्ती पानावर तसा फेरफार झाला. सहांपैकी चार शाखांनी तो केला. पाचव्या शाखेचे चिटणीस परगावी होते. आणि सहाव्या शाखेने सूचनेच्या कागदाचे छायाचित्रच लावून ठेवलेले असल्यामुळे तेथे अक्षर बदलण्याची सोयच नव्हती. या दोन गावांतील मुले आपल्याच शाखेच्या पानावर विसंबून राहिली आणि स्पर्धेस मुकली, तर दोष त्यांचा म्हणता येईल काय?

या अनुभवाला कंटाळून काही संस्था दुसऱ्या टोकास जातात. शाखांची स्थळे मोडून टाकावयाची आणि सर्वांनी मध्यवर्ती स्थळच पाहावयाचे, असा ठराव होतो. त्यामुळे पाठभेद थांबतात हे खरे. परंतु त्याचबरोबर शाखेचा आवाजही थांबतो. ग्वाल्हेरच्या वाचकास तेथील सभागृहाचा पत्ता, तेथील ग्रंथालयाची वेळ, तेथील लेखकांची नावे कोठेच सापडत नाहीत. ज्या केंद्रांत मराठी आधीच अल्पसंख्यांची भाषा आहे, तेथे हे नुकसान लहान नव्हे.

या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग यंत्राने उपलब्ध करून दिलेला आहे. तो समजण्यासाठी संकेतस्थळामागील व्यवस्था प्रथम पाहिली पाहिजे.

आशय आणि साचा

आज बहुसंख्य संस्थांची संकेतस्थळे ज्या साधनांवर चालतात त्यांस आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना शाळेच्या कचेरीतील कोणत्याही लेखनिकास ठाऊक असलेली आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान ही माहिती जनरल रजिस्टरात एकदाच नोंदलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, परीक्षामंडळाकडे जाणारा अर्ज यांचे नमुने वेगवेगळे. पण त्यांत भरावयाची माहिती त्या एकाच रजिस्टरातून घ्यावयाची. जन्मतारखेत चूक आढळली, तर ती दाखल्यावर खोडून भागत नाही. रीतसर आदेश मिळवून रजिस्टरातील नोंद दुरुस्त करावी लागते.

या प्रणालीतही हेच दोन भाग असतात. शीर्षक, दिनांक, स्थळ, मजकूर, लेखक, भाषा असे रकाने पाडून आशय एका माहितीसाठ्यात ठेवलेला असतो, आणि तो कसा दिसावा हे ठरविणारे साचे निराळे असतात. वाचकाने पान मागितले की प्रणाली साठ्यातून आशय उचलते, साच्यात बसविते आणि पान तयार करून देते. आशय आणि रूप यांची अशी फारकत झाली, म्हणजे एकच आशय सहा साच्यांत, सहा स्थळांवर दाखविणे शक्य होते. उलट, सूचनेचे छायाचित्र लावणे म्हणजे रजिस्टर न ठेवता नुसते दाखले लिहिण्यासारखे आहे.

वाडा एक, चुली अनेक

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये निघाली. अनेक स्थळे एकत्र चालविण्यासाठी तिची वेगळी आवृत्ती होती, ती २०१० च्या जूनमध्ये निघालेल्या ३.० या आवृत्तीत मूळ प्रणालीतच सामावून घेण्यात आली. तेव्हापासून वर्डप्रेसची एकच प्रत बसवून तिच्यावर कितीही स्थळे उभारता येतात. ही सोय घेतली की सर्व शाखांचा मजकूर आपोआप सामाईक होतो, अशी अनेक कार्यकारी मंडळांची समजूत असते. वस्तुतः तसे होत नाही. या व्यवस्थेत प्रणाली एक असते, सदस्यांची यादी एक असते, साचे सामाईक असतात. परंतु प्रत्येक स्थळाचा मजकूर माहितीसाठ्यातील वेगळ्या कोष्टकांतच राहतो. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे वाडा एक, विहीर एक, पण चूल ज्याची त्याची. एका बिऱ्हाडात शिजलेले दुसऱ्याच्या पानात आपोआप पडत नाही.

ते पडावे म्हणून जोडसाधने मिळतात. ती निवडताना एकच प्रश्न विचारावयाचा : हे साधन मजकुराची नक्कल करून देते, की मूळ मजकुराकडे निर्देश करते? नक्कल करणारे असेल, तर मूळ बदलल्यावर नक्कलही बदलते काय, आणि शाखेने मध्यंतरी केलेले फेरफार त्यात पुसले जातात काय, हेही विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे न घेता केलेली खरेदी पुढे निश्चितपणे डोकेदुखी ठरते.

निर्देशाचे दोन नमुने

नकलेऐवजी निर्देश म्हणजे काय, हे पाहावयास सर्वांत मोठे आणि सर्वांना खुले असलेले उदाहरण विकिपीडियाच्या परिवाराचे आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि त्यासारखे शेकडो भाषांतील विकिपीडिया स्वतंत्र स्थळे म्हणून नांदतात. त्यांचे लेख स्वतंत्र असतात. मराठी लेख हा इंग्रजीचे भाषांतर असलाच पाहिजे असे बंधन नाही. परंतु दोन गोष्टी त्यांनी सामाईक केल्या आहेत.

पहिली गोष्ट चित्रांची. २००४ च्या सप्टेंबरात विकिमीडिया कॉमन्स हे सामाईक भांडार उघडले गेले. एखादे छायाचित्र तेथे एकदा चढविले की कोणत्याही भाषेच्या विकिपीडियात नुसते त्याचे नाव लिहून ते दाखविता येते. प्रणाली प्रथम स्थानिक साठ्यात त्या नावाचे चित्र शोधते. तेथे नसेल तरच सामाईक भांडाराकडे वळते. म्हणजे त्याच नावाचे स्थानिक चित्र असेल, तर मान त्याचा. सामाईकावर स्थानिकाचा थर चढविण्याचे तत्त्व ते हेच. या व्यवस्थेची एक जोखीमही आहे. स्वामित्वहक्काच्या कारणाने मूळ चित्र भांडारातून काढले गेले, तर ते सर्व भाषांच्या पानांवरून एकदमच नाहीसे होते. सामाईक भांडारात काय ठेवावयाचे, यासंबंधी काटेकोर राहणे म्हणून भाग पडते.

दुसरी गोष्ट तथ्यांची. पूर्वी एकाच विषयावर शंभर भाषांत लेख असले, तर प्रत्येक लेखाच्या पानावर उरलेल्या नव्याण्णव भाषांचे दुवे लिहिलेले असत. म्हणजे एकंदर ९,९०० दुवे सांभाळणे आले. २०१२ च्या ऑक्टोबरात विकिडाटा सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी हे दुवे तेथे हलविण्यात आले. आता प्रत्येक विषयास एक क्रमांक असतो व शंभर लेखांची नोंद त्या एकाच ठिकाणी असते. मुंबई शहराचा क्रमांक क्यू ११५६ हा आहे. त्या क्रमांकाखाली शहराची लोकसंख्या, अक्षांश-रेखांश इत्यादी तथ्ये भाषानिरपेक्ष रीतीने नोंदलेली असतात, आणि प्रत्येक भाषेतील नाव, अल्प वर्णन व पर्यायी नावे यांना वेगळी जागा असते. कोणत्याही भाषेतील माहितीचा चौकट-साचा ही तथ्ये तेथून उचलू शकतो, आणि स्थानिक संपादकांनी स्वतःचे मूल्य लिहिले असेल तर तेच दाखवावे, अशीही रचना त्यात करता येते.

या व्यवस्थेतून साहित्यसंस्थेने घ्यावयाचा धडा असा : लेखकाची जन्मतारीख, ग्रंथाचे प्रकाशनवर्ष, स्पर्धेची मुदत ही तथ्ये एकाच ठिकाणी राहावीत व सर्वांनी तेथून घ्यावीत. त्या लेखकाविषयी इंदूरने काय म्हणावे आणि हैदराबादने काय म्हणावे, हे ज्याचे त्याने लिहावे.

स्थानिकीकरण म्हणजे भाषांतर नव्हे

स्थानिकीकरण या शब्दाचा अर्थ पुष्कळदा भाषांतर एवढाच घेतला जातो. तो अपुरा आहे. कालगणनेचेच उदाहरण घेऊ. आपण ज्या दिवसास श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, त्यासच पौर्णिमान्त गणनेनुसार चालणाऱ्या इंदूर-ग्वाल्हेरच्या आसमंतात भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. दिवस तोच, अष्टमी तीच, महिन्याचे नाव निराळे. महाराष्ट्रात शके मोजतात व वर्ष चैत्रात बदलते. गुजरातेत विक्रम संवत् मोजतात व ते कार्तिकात बदलते. तेव्हा गोकुळाष्टमीनिमित्त ठेवलेल्या कीर्तनाच्या सूचनेत 'भाद्रपद कृष्ण अष्टमी' असा स्थानिक फरक दिसला, तर तो पाठदोष नव्हे. उलट केंद्राचा मजकूर जसाच्या तसा लावला, तर बाहेरचा श्रोता तो दिवस महिनाभर अलीकडे शोधू लागेल. यावर उपाय म्हणजे साठ्यात इंग्रजी दिनांक एकदाच नोंदवावा, आणि तिथीचा रकाना प्रत्येक स्थळाने भरावा.

हीच गोष्ट अंकांची व अक्षरांची. युनिकोड संस्थेच्या वतीने भाषा-प्रदेशांच्या संकेतांचा जो सामाईक साठा राखला जातो, त्यात मराठीसाठी मूलतः देवनागरी अंक धरलेले आहेत, तर हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक. तेव्हा तोच दिनांक इंदूरच्या मराठी पानावर ३१ असा उमटेल, पण हिंदी पानावर त्याचे अंक वेगळ्या वळणाचे दिसतील. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत; यंत्रातील त्यांचे संकेत मात्र दोन्ही भाषांस एकच आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि पानाच्या शिरोभागी नोंदलेली भाषा पाहून योग्य ते निवडले जाते. हिंदी भाषक नगरात स्थळ उभारणाऱ्याने तेथे भाषा हिंदी अशी नोंदवून ठेवली, तर शुद्ध मराठी लेखही हिंदी वळणाने छापला जातो, आणि वाचकास काहीतरी परके वाटत राहते.

तिसरी बाब लेखनाची. आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांतील भेद शिक्षकांस समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हा 'ऱ्य' संगणकात दोन रीतींनी टंकता येतो. दिसावयास दोन्ही सारखे, पण यंत्राच्या दृष्टीने अक्षरमाला भिन्न. दोन शाखांनी दोन रीती वापरल्या, तर सामाईक सूचीत 'कादंबऱ्या' शोधणाऱ्यास निम्म्याच नोंदी सापडण्याचा संभव असतो. एवढ्यापुरता मात्र स्थानिक फरक नको; टंकनाची रीत सर्वांची एकच असली पाहिजे.

यंत्रास न दिसणारा भेद

आता आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. बहुभाषिक स्थळांसाठी सिद्ध केलेली साधने भाषेच्या संकेतावर चालतात. मराठीचा संकेत ठरलेला आहे, आणि त्यास देशाचा संकेत जोडता येतो. परंतु तो संकेत देशाचा आहे, गावाचा नव्हे. त्यामुळे बेळगावची मराठी, इंदूरची मराठी आणि गोव्याची मराठी यंत्राच्या वहीत एकाच ओळीत बसतात. यंत्राच्या मते भाषा एक, देश एक. मग फरक तो कोणता? साहजिकच, भाषेनुसार मजकूर बदलण्याची सोय आमच्या केंद्रांच्या कामी येत नाही. बेळगावास कानडी, बडोद्यास गुजराती, इंदुरास हिंदी अशी दुसरी भाषा जोडावयाची असेल तेथेच ती उपयोगी. मराठीतल्या मराठीत जे फरक हवेत, त्यांसाठी भाषेऐवजी स्थळ हाच घटक धरावा लागतो : प्रत्येक रकान्यास केंद्राचे मूल्य असावे, आणि शाखेने स्वतःचे मूल्य भरले तर त्या शाखेच्या पानावर ते दिसावे. शाखेने काहीच भरले नाही, तर केंद्राचे आहेच.

ही रचना करून घेण्यास फार मोठा खर्च लागतो असे नाही. परंतु ती मागावी लागते. स्थळ उभारून देणारा तंत्रज्ञ ती आपण होऊन देणार नाही. कारण इंदूरची मराठी आणि पुण्याची मराठी यांत फरक आहे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

शिळे झालेले भाषांतर

स्थानिक थर चढविला की नवीन अडचण उद्भवते. मूळ बदलले, पण वरचा थर जुन्या मुळास धरूनच राहिला, तर काय करावयाचे? ड्रुपल या प्रणालीने २०१५ च्या नोव्हेंबरात निघालेल्या आपल्या आठव्या आवृत्तीत बहुभाषिकतेची साधने गाभ्यातच घेतली. तीत कोणता रकाना भाषांतरायचा आणि कोणता सर्व भाषांत समान ठेवायचा, हे रकान्यागणिक ठरविता येते. आणि मूळ मजकूर बदलणाऱ्यास इतर भाषांतील पाठ शिळे झाले अशी खूण करता येते. विकिमीडियाच्या भाषांतर-साधनात तर मजकुराचे परिच्छेदवार तुकडे केलेले असतात, आणि ज्या तुकड्याचे मूळ बदलले तेवढ्याच तुकड्याचे भाषांतर जुने झाल्याचे दिसते. भाषांतरकारास सगळा लेख पुन्हा तपासत बसावे लागत नाही.

शोधयंत्रांविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकच मजकूर सहा पत्त्यांवर दिसू लागला, म्हणजे मूळ कोणता हे शोधयंत्रास कळत नाही. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये यासाठी एक सामाईक खूण मान्य केली. पानाच्या शिरोभागी मूळ पत्ता नोंदवला की काम भागते. भिन्न भाषांतील समकक्ष पाने परस्परांशी जोडण्याची खूण गूगलने २०११ मध्ये आणली. परंतु पहिली खूण सरसकट लावू नये. शाखेने स्वतः लिहिलेल्या लेखावरही केंद्राचा पत्ता मूळ म्हणून नोंदला गेला, तर शोधणाऱ्यास शाखेचे पान सापडेनासे होण्याची भीती असते.

निर्णय कोणाचा

हे सर्व यंत्राकडून करून घेता येते; परंतु काय सामाईक आणि काय स्थानिक, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते संस्थेने ठरवावयाचे आहे, आणि स्थळ उभारण्यापूर्वी ठरवावयाचे आहे. त्यासाठी कार्यकारी मंडळाने एका कागदावर तीन रकाने आखावेत, अशी आमची सूचना आहे. पहिल्या रकान्यात जे सर्वत्र एकच राहिले पाहिजे ते : मुदती, नियम, वर्गणी, लेखकांची व ग्रंथांची तथ्ये. हे केवळ केंद्राने बदलावे. दुसऱ्यात केंद्राने आरंभी द्यावे, पण शाखेने बदलण्यास मोकळीक असावी ते : सूचनांची भाषा, तिथी, स्थळनामांची रूपे, परिचयलेख. तिसऱ्यात जे शाखेचेच आहे ते : स्थानिक लेखकांची चरित्रे, ग्रंथालयाची वेळ, गावातील मराठी शाळांचा इतिहास. यास केंद्राने हात लावू नये. मात्र इतर शाखांस ते मागून घेण्याची वाट मोकळी असावी. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचे पद लिहावे, नाव नव्हे. कारण चिटणीस बदलतात.

या तिसऱ्या रकान्याकडे सभासदांनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आजवर आशय केंद्राकडून शाखेकडे वाहात आला. शाखेकडून केंद्राकडे फारसा गेला नाही. बडोद्याच्या एखाद्या विस्मृत लेखकाची नोंद तेथील शाखेने एकदा नीट केली, तर ती हैदराबादच्या आणि गोव्याच्या वाचकासमोर त्याच क्षणी, बडोद्याच्या नावानिशी, ठेवण्याची सोय आज आहे. पोथी उतरून घेणाऱ्या आपल्या पूर्वजांस ती नव्हती. तेव्हा येत्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर झाल्यावर उठून जाण्यापूर्वी अर्धा तास काढून हा तीन रकान्यांचा कागद भरला जावा, आणि तिसऱ्या रकान्यातील पहिली नोंद प्रत्येक शाखेने स्वतःच्या हाताने लिहावी.